हरिकेनचा इशारा : आधी पाणी, मग वारा

प्रति,
राष्ट्रीय हवामान सेवा, अमेरिका.

विषय : किनाऱ्यावरील रहिवाशांना दिल्या जाणाऱ्या हरिकेनच्या इशाऱ्यांची मांडणी.

हरिकेनची प्रतवारी सॅफिर-सिम्पसन मोजपट्टीवर १ ते ५ अशी होते. वारा ताशी १७८ किलोमीटरवर गेला की वादळ तिसऱ्या श्रेणीत चढते आणि ‘मोठे हरिकेन’ ठरते. पट्टी मोजते ते एवढेच. जीव मात्र बहुतांशी पाण्याने जातात : १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अटलांटिक वादळांच्या थेट तडाख्यात दगावलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक वादळी उधाणाचे बळी होते. उधाण किती चढेल हे वादळाचा विस्तार, दिशा आणि समुद्रतळाचा उतार यांवरही ठरते. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९च्या पाचव्या श्रेणीतल्या ‘कॅमिल’मध्ये वाचलेली घरे २००५च्या तिसऱ्या श्रेणीतल्या ‘कॅटरिना’ने वाहून नेली.

सप्टेंबर २००८मधले ‘आइक’ टेक्सासला धडकले तेव्हा दुसऱ्याच श्रेणीत होते, म्हणजे व्याख्येप्रमाणे ‘मोठे’ही नव्हते. पण त्याचा पसारा अवाढव्य होता. गॅल्व्हेस्टनसमोरचे बोलिव्हर द्वीपकल्प ही वाळूची चिंचोळी पट्टी; गाडीरस्ता एकच, महामार्ग ८७, नाहीतर फेरीबोट. वादळाचे केंद्र १३ तारखेच्या पहाटे किनाऱ्याला लागले, पण रस्त्यावर पाणी आदल्या दिवशी सकाळीच आले होते. वारा अजून अंगावर आलेला नव्हता. जरा थांबून निघू म्हणणाऱ्यांची वाट तिथेच बंद झाली आणि कित्येकांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. गिलख्रिस्ट गाव जवळपास पुसले गेले.

त्या वेळी सेवेने शब्द राखून वापरले नव्हते. गॅल्व्हेस्टन उपसागराकाठच्या एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांचा मृत्यू अटळ आहे, असे पत्रकातच म्हटले होते. गॅल्व्हेस्टन शहराला मात्र १९००च्या प्रलयानंतर बांधलेली समुद्रभिंत आहे. तिथे हजारो लोक थांबले आणि बहुतेक सगळे वाचले. एवढा जहाल शब्द एकदा असा वाया गेला की पुढच्या वेळी तो कोण मनावर घेणार?

नकाशावरच्या शंकूचीही तीच गत. तो केवळ केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो आणि दर तीनपैकी साधारण एका वेळी केंद्र त्याच्या बाहेर जाते. पाणी तर शंकूची रेघ जुमानतच नाही. २०२२मध्ये ‘इयान’च्या वेळी फ्लोरिडातली ली काउंटी शंकूच्या काठावर होती. उधाणाची पूर्वसूचना लागू असूनही घरे सोडण्याचा आदेश २७ सप्टेंबरच्या सकाळी निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आदळले. आदेश स्थानिक प्रशासन काढते हे खरे, पण त्याच्यासमोर असतो तो सेवेचाच नकाशा.

उलट प्रकारही घडतो. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘मिल्टन’ येत असताना टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी सखल विभागांत थांबाल तर मराल, असे बजावले. वादळ दक्षिणेला, सिएस्टा की येथे किनाऱ्याला लागले आणि टॅम्पा उपसागरातले पाणी चढण्याऐवजी ओसरले, कारण केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. केंद्र थोडे वर सरकले असते तर हेच पाणी शहरात घुसले असते. वादळ सरल्यावर हे समजावणारे चार ओळींचे पत्रक घर सोडून गेलेल्यांपर्यंत पोचायला हवे. नाहीतर ‘उगाच पळालो’ एवढेच त्यांच्या लक्षात राहते.

उधाणाचे स्वतंत्र इशारे सेवा २०१७पासून देते. जमिनीच्या वर किती फूट पाणी चढेल याचे नकाशेही तिच्याकडे आहेत. तेव्हा मागणी मोजकीच आहे. पत्रकाच्या पहिल्या ओळीत विभागाचे नाव, तिथे पाणी कमरेएवढे असेल की पुरुषभर, आणि बाहेरचा रस्ता कधी बुडेल, हे यावे. श्रेणीचा आकडा खाली, दुसऱ्या परिच्छेदात आला तरी चालेल.

कळावे,
एक वाचक