विश्लेषण : मोटरहोम निघाले फिरायला, पण रात्री थांबणार कुठे?

पलंग, ओटा, फ्रिज आणि शौचालय सगळे गाडीतच. हॉटेलचे बुकिंग नको, आवडेल तिथे मुक्काम करा. मोटरहोमचे हे आकर्षण आता मराठी पर्यटकांनाही खुणावू लागले आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून अशा गाड्या घ्यायच्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण पाहायचे, असे बेत आखले जातात. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र गाडी मिळणे सोपे आणि ती रात्री सुरक्षित उभी करणे अवघड, अशी स्थिती आहे. असे का, आणि निसर्गरम्य मार्ग निवडताना कोणती गणिते मांडावी लागतात, याविषयी...

मोटरहोम म्हणजे नेमके काय?

गाडीत गादी टाकली म्हणून ती मोटरहोम ठरत नाही. भारतातील वाहन मानकांनुसार ‘मोटर कॅराव्हॅन’मध्ये किमान चार गोष्टी लागतात : आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा. इंजिन असलेली गाडी म्हणजे मोटरहोम, तर दुसऱ्या वाहनाच्या मागे जोडून ओढली जाते ती ट्रेलर कॅराव्हॅन. आपल्याकडे सरकारी धोरणांत दोन्हींना सरसकट ‘कॅराव्हॅन’च म्हटले जाते.

ही हौस जुनी आहे. ब्रिटनमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये केवळ भटकंतीसाठी घोड्यांनी ओढायची गाडी बांधून घेतली होती. तिथे कॅराव्हॅनधारकांचा क्लब १९०७ मध्येच स्थापन झाला. भारतात मात्र अनेकांना अशी गाडी माहीत आहे ती सिनेकलाकारांची व्हॅनिटी व्हॅन म्हणून.

राज्याच्या धोरणात काय आहे?

महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाचे दोन भाग आहेत : कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क. गाड्यांची आणि पार्कची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची, असे त्यात अपेक्षित आहे. पार्क खासगी जमिनीवर उभारता येतो, तसाच पर्यटन विकास महामंडळाच्या मोकळ्या जागेवरही. तिथे पाणी, रस्ता, वीज या मूलभूत सोयी हव्यात.

केरळनेही त्याच वर्षी ‘केराव्हॅन केरळ’ ही योजना आणली आणि २०२२ मध्ये वागमण येथे पहिला कॅराव्हॅन पार्क सुरू झाला. तिथल्या निकषांनुसार पार्कसाठी किमान अर्धा एकर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने २० गुंठे जागा आणि किमान पाच गाड्या उभ्या राहतील अशी सोय लागते. दोन्ही राज्यांनी गाडीइतकेच महत्त्व थांब्याला दिले, ते योग्यच होते. प्रश्न आहे तो असे थांबे प्रत्यक्षात मार्गावर आहेत का, हा.

थांबा नसला तर काय होते?

याचे गंभीर उत्तर केरळमध्येच मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह आढळले. मृत्यूचे कारण कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असल्याचे निष्पन्न झाले. एसीसाठी सुरू ठेवलेल्या जनरेटरचा वायू तळातील छिद्रातून गाडीत शिरल्याचे तज्ज्ञांच्या तपासणीत दिसून आले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. काचा बंद करून, एसी लावून झोपणे हा मोटरहोमचा नेहमीचा वापर आहे. त्यामुळे हा धोका अपवादात्मक मानता येणार नाही. थांब्यावर विजेचा प्लग असता, तर जनरेटर सुरू करण्याची गरजच पडत नाही.

सौरऊर्जेवर एसी चालत नाही का?

छतावर सौर पॅनेल आहे, मग विजेची चिंता कशाला, असे अनेकांना वाटते. साधा हिशेब पाहू. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॉट वीज घेतो. कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होतो हे धरले तरी रात्रभरात पाच ते सहा युनिट लागतात.

आता साठ्याकडे पाहा. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत २.४ युनिट वीज मावते. ती जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्या आयुष्याचा विचार करता निम्मीच वापरावी, म्हणजे हाती उरतात १.२ युनिट. छतावरचे ४०० वॉटचे पॅनेल लख्ख उन्हाच्या दिवशी दीड ते दोन युनिट देते. दिवे, पंखे, मोबाइल चार्जिंग आणि छोटा फ्रिज यांचे त्यात भागते. एसीचे नाही.

याउलट थांब्यावर १६ अँपिअरचा, योग्य अर्थिंग असलेला एक प्लग मिळाला, तर साडेतीन किलोवॉटपर्यंत भार चालू शकतो. पार्कच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मुक्कामात हा मोठा फरक आहे. प्लग नसेल तर समुद्रसपाटीवर एप्रिल-मेचा मुक्काम टाळून डिसेंबर-जानेवारी निवडावा, किंवा उन्हाळ्यात उंचावरचे ठिकाण पाहावे.

सांडपाण्याचे काय?

आंघोळीचे व भांड्यांचे सांडपाणी आणि शौचालयाचे मैलापाणी वेगवेगळ्या टाक्यांत साठते. चौघांच्या कुटुंबाची शौचालयाची छोटी टाकी दोन-तीन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची, याची सोय मार्गावर नसेल तर ओढा, खाडी किंवा मोकळे रान हेच ‘पर्याय’ उरतात. शिवाय टाकीतील दुर्गंधी रोखण्यासाठी वापरली जाणारी काही रसायने सेप्टिक टँकमधील उपयुक्त जिवाणू मारतात. त्यामुळे एखाद्या घरगुती निवासाच्या शौचालयात ती न विचारता ओतणेही चुकीचे.

न्यूझीलंडमध्ये हाच प्रश्न चिघळला होता. तिथे २०११ च्या कायद्याने सार्वजनिक जागी मोफत मुक्कामाची चौकट घालून दिली. २०२३ मध्ये नियम आणखी कडक झाले. स्थानिक परिषदांच्या जागेत गाडीतून मुक्काम करण्यासाठी, काही ठिकाणांचा अपवाद वगळता, गाडीत पक्के बसवलेले शौचालय आवश्यक करण्यात आले. पर्यटन वाढल्यावर नव्हे, तर वाढण्याआधीच अशी शिस्त लावण्याची संधी महाराष्ट्राला आहे.

निसर्गरम्य मार्ग कसा निवडावा?

कारने जाताना रस्ता पाहून मुक्काम ठरवता येतो. मोटरहोमच्या बाबतीत आधी मुक्काम आणि मग रस्ता, हा क्रम सोयीचा ठरतो. कोकणचा किनारी मार्ग हे त्याचे चांगले उदाहरण. अलिबाग, मुरूडवरून आगरदांडा-दिघी फेरी, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडला-वेसवी फेरीने रत्नागिरी जिल्ह्यात. मग दापोलीमार्गे दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, वेळणेश्वर आणि तवसाळ-जयगड फेरीने गणपतीपुळे. चार खाड्या, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र. मुंबई-गोवा महामार्गापेक्षा वेळ कितीतरी जास्त लागतो, पण मोटरहोमवाल्यांना तोच हवा असतो.

अडचणी मात्र गाडीच्या आकारातून येतात. फेरीच्या फळीवर चढताना मोटरहोमचा चाकांमागचा लांब भाग जमिनीला घासू शकतो. ओहोटीला फळीचा उतार वाढतो आणि धोकाही. म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावे आणि गाडीची लांबी आधी कळवून ठेवावी. गावांतले रस्ते अरुंद, वळणे तीव्र आणि वर नारळ-आंब्याच्या फांद्या, विजेच्या तारा. गाडीची उंची फूट-इंचात चालकासमोर लिहून ठेवलेली बरी.

घाटांचेही तसेच. वरंध घाट देखणा आहे, पण पावसाळ्यात दरडींमुळे तिथल्या वाहतुकीवर निर्बंध येतात. मोबाइलवरचा नकाशा गाडीचे वजन आणि उंची विचारात घेईलच असे नाही. तो जवळचा रस्ता सुचवतो. पाण्याच्या २०० लिटरच्या भरलेल्या टाकीचेच वजन २०० किलो होते. घाट चढण्याआधी टाकी अर्धी ठेवून मुक्कामी भरणे, उतारावर खालच्या गिअरमध्ये राहणे या साध्या गोष्टींनी ब्रेकवरचा ताण कमी होतो.

किनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवण्याचा मोह टाळायलाच हवा. कारदेखील भरतीत अडकतात, तिथे तीन-चार टनांच्या गाडीचे काय होणार? वेळाससारख्या गावांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा गाड्यांच्या प्रखर दिव्यांमुळे ती समुद्राऐवजी उलट दिशेला भरकटू शकतात.

गटाने जाण्यात फायदा की तोटा?

दोन्ही. अमेरिकेत वॉली बायम यांनी १९५० च्या दशकात कॅराव्हॅनच्या सामूहिक सफरी लोकप्रिय केल्या. त्यांच्या ताफ्याने केपटाउन ते कैरो असा आफ्रिकेचा प्रवासही केला. गटात कुणाला इंजिनचे कळते, कुणाला वायरिंगचे. एक गाडी बंद पडली तर मदत हाताशी असते. नवख्याला अनुभवी माणसाच्या मागे घाट उतरता येतो.

पण गावाच्या बाजूनेही पाहायला हवे. पाच गाड्या, २० माणसे आणि प्रत्येक गाडीची १०० लिटरची टाकी म्हणजे एका वेळी ५०० लिटर पाणी. कोकणातील अनेक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. तिथे हे पाणी फुकट मागणे गावाला खुपणारच. म्हणून गटाने दोन-दोन गाड्यांच्या तुकड्या करून वेगवेगळ्या गावांत मुक्काम करणे आणि दिवसा एकत्र भेटणे अधिक शहाणपणाचे. चिंचोळ्या रस्त्यावर पाच मोटरहोम एकामागोमाग चालल्या की मागे एसटीही अडकते, हेही लक्षात ठेवावे.

कायदा काय सांगतो?

जुनी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये तिचे घर करून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही. बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी पुस्तकात नसलेला बदल अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत आणतो.

भाड्याने गाडी घेताना नंबरप्लेटचा रंग पाहावा. पांढरी पाटी खासगी वापराची असते. ती गाडी भाड्याने देता येत नाही. चालवण्याच्या परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्टता आणली आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहन चालवता येते.

तोडगा काय?

मोठमोठे पार्क उभे राहण्याची वाट पाहण्याची गरज नाही. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी महामंडळाची निवासस्थाने आहेत. तिथे दोन-तीन गाड्यांपुरती जागा आखून प्लग, नळ आणि मैलापाणी रिकामे करण्याची सोय केली, तर किनारी मार्गावर मुक्कामांची साखळी तयार होऊ शकते. घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबांकडे अंगण, विहीर आणि वीज असतेच. त्यांना शुल्क आकारून एखाद-दुसरी गाडी उभी करू देता आली, तर पैसा गावातच राहील. आज मोटरहोममधला पर्यटक जेवण, झोप, पाणी सगळे सोबत आणतो आणि गावात बऱ्याचदा फक्त कचरा सोडतो, ही तक्रारही त्यामुळे कमी होईल.

तोवर निघण्यापूर्वी पर्यटकांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. मुक्कामी प्लग आहे का? टाकी कुठे रिकामी होईल? गाडीची नोंदणी आणि विमा कॅराव्हॅन म्हणूनच आहे का? आणि आत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म बसवला आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर अलार्म बसवल्याशिवाय त्या गाडीत झोपू नये. अलार्म असला तरी जनरेटर सुरू ठेवून झोपणे टाळावेच.