महिनाभराच्या गोळ्या

रक्तदाब तपासणीचे शिबिर ही आपल्याकडची सर्वांत सोयीची समाजसेवा. मांडव, फलक, एखाद्या नेत्याचा वाढदिवस आणि एक यंत्र एवढ्यात काम भागते. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, उन्हातून आलेल्या माणसाला धड टेकूही द्यायचे नाही आणि चिठ्ठीवर १६०/१०० खरडून ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणून वाटेला लावायचे. तो डॉक्टरांकडे गेला का, गोळी सुरू झाली का, सहा महिन्यांनी चालू आहे का, याची चौकशी कोणी करत नाही. उच्च रक्तदाबाचे घोडे अडले आहे ते इथे. संशोधनाने आपले काम केव्हाच चोख केले आहे.

मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. एवढ्या मोठ्या माणसाला द्यायलाही डॉक्टरांच्या हाती खात्रीचे औषध नव्हते. पुढच्याच वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. वाढलेल्या दाबाला हात लावू नये, असे मानणारे नामवंत डॉक्टर तेव्हा कमी नव्हते. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्याविषयी १९३१ मध्येच लिहिले होते, पण पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे उघडले ते वकिलांच्या निबंधाने. याच मुळीतून निघालेले रेसर्पिन पुढे एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीतल्या तीन औषधांपैकी एक होते. १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ज्यांना औषधाविना नुसती गोळी दिली, त्यांतील २७ जणांना गंभीर विकार जडले आणि चौघे दगावले. औषध घेणाऱ्यांत विकार दोघांना, मृत्यू एकही नाही. इतका स्वच्छ कौल वैद्यकात क्वचितच मिळतो.

आता वाद आहे तो दाब किती खाली आणावा याचा. २०१५ च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत ९,३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात अशा घटना चतुर्थांशाने घटल्या, मृत्यूही कमी झाले. मात्र चक्कर येऊन शुद्ध हरपणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे वाढले. शिवाय मधुमेही या चाचणीत नव्हते आणि मोजणी पाच मिनिटे शांत बसवून स्वयंचलित यंत्राने होत होती. बाहीवरून मोजणाऱ्यांनी १२० चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आधी १४० गाठू.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. तो आवरण्याची रीतही माहीत नाही असे नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्राच्या उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपले जिल्हे सुरुवातीपासून आहेत. ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रात पुन्हा मोजणी आणि प्रत्येकाची नोंद, एवढाच त्याचा मंत्र. यात महागडे काही नाही, पण साठा एकदा तुटला की सगळे कोलमडते. आठ दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या तर शेतमजूर बाई दर आठवड्याला रोज बुडवून, एसटीचे भाडे भरून येणार कशी? ‘काही दुखत नाही, मग कशाला?’ म्हणून गोळी सुटते आणि दोष मात्र तिच्या निष्काळजीपणाला दिला जातो. हा आजार दुखत नाही, म्हणूनच तर आशाताईने दार ठोठावायला हवे.

आरोग्य खात्याने शिबिरांत किती लाख लोक तपासले, याची जाहिरात थांबवावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर दर महिन्याला तीन आकडे लावावेत: नोंदणी झालेले रुग्ण किती, त्यांपैकी १४०/९० च्या आत किती आणि औषधाचा साठा किती दिवसांचा. तिसरा आकडा तीसच्या खाली गेला, तर जाब जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला विचारावा. आज तो औषध देणाऱ्या परिचारिकेला ऐकून घ्यावा लागतो.