आधी तारा, मग अल्टरनेटर

निवृत्तीनंतर पाच-दहा एकर घेऊन राहणारी आपली मंडळी आता कमी नाहीत. जमिनीबरोबर कोठारातला जुना फोर्ड ८एन ट्रॅक्टरही पुष्कळदा पदरात पडतो. १९४७ ते १९५२ या काळात असे पाच लाखांवर ट्रॅक्टर निघाले, आणि त्यांतले कितीतरी अजून गवत कापतात. थंडीत स्टार्टर कुरकुरला की जो तो सल्ला देतो, "सहा व्होल्ट काढा, बारा व्होल्टचा अल्टरनेटर बसवा!"

माझं ऐकाल तर जरा थांबा. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणजे त्याच तारेत चौपट शक्ती वाया जाते. मोटारीच्या दुकानातली बारीक केबल इथे उपयोगाची नाही. चांगली जाड केबल टाका, अर्थिंगची जागा घासून लखलखीत करा. पुष्कळ दुखणी एवढ्यावरच बरी होतात.

संध्याकाळी दिवे लावून, इंजिन मंद ठेवून काम करत असाल तर डायनामो खरंच पुरत नाही. मग अल्टरनेटर जरूर बसवा. पण ८एनमध्ये बॅटरीचं धन टोक अर्थला असतं. अल्टरनेटरला ऋण टोक अर्थला लागतं. उलट जोडलंत तर आतले डायोड तत्काळ जळतील. अ‍ॅमीटरच्या तारांची अदलाबदल करा, दिवे बदला, कॉइलला योग्य रेझिस्टर द्या. किल्ली बंद करूनही इंजिन चालूच राहिलं तर घाबरू नका. अल्टरनेटरकडून वीज उलटी इग्निशनला जाते आहे, त्या तारेत एक डायोड घाला.

काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. रेग्युलेटरसह खोक्यात ठेवा, वर जोडणीची चिठ्ठी लावा. चिठ्ठी मात्र इंग्रजीत. वाचणार मुलंच आहेत.