द्रव्याच्या नोंदवहीत भूमीचा रकाना हवा

औषधी द्रव्य कोणत्या ऋतूत काढावे, कोणते अंग घ्यावे, ते किती काळ वीर्यवान राहते, याविषयी आपण वैद्यमंडळी आवर्जून बोलतो. परंतु ते कोणत्या भूमीत वाढले, हा प्रश्न आपल्या खरेदीच्या व्यवहारातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाचा छत्तिसावा अध्याय मुख्यत्वे भूमीच्या परीक्षेसाठी दिला. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात देश आणि भूमी यांचा विचार केला. वमन आणि विरेचन द्रव्यांचा संग्रह सांगण्यापूर्वी त्यांना जमिनीविषयी बोलणे आवश्यक वाटले, हे आपण विसरून चाललो आहोत. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट भूमीच्या निमित्ताने या विस्मृतीकडे वैद्यबंधूंचे आणि औषधनिर्मात्यांचे लक्ष वेधावयाचे आहे. ती भूमी म्हणजे डोंगरपायथ्याची, रूपांतरित खडकांच्या झिजेतून बनलेली, उत्तम निचऱ्याची तांबूस जमीन.

प्रारंभी एक स्वानुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या लहानशा औषधशाळेत शतावरीचे दोन माल एकाच महिन्यात आले. एक नदीकाठच्या, पूर्वी ऊस घेतलेल्या काळ्या रानातला होता. मुळे जाड, पांढरीशुभ्र, पाहताच पसंत पडावीत अशी. दुसरा घाटाखालच्या पायथ्याच्या जमिनीतला. मुळे बारीक, सरळ आणि दिसायला सामान्य. व्यापाऱ्याने पहिल्याला जास्त दर सांगितला आणि मीही तो दिला. पावसाळा संपेपर्यंत पहिल्या मालातील बऱ्याच मुळांचा गाभा काळवंडला होता आणि पोत्याच्या तळाशी बुरशी धरली होती. सालीच्या खाचांत बसलेली चिकणमाती तीनदा धुऊनही निघाली नव्हती. दुसरा माल वर्षभर टिकला. चूक व्यापाऱ्याची नव्हती. त्याला मी जमीन विचारलीच नव्हती.

आपल्या जिल्ह्याची भूमी एकजिनसी नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून तो घडला. या खडकात चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. गार मात्र जवळजवळ नाही. पूर्वेकडे शिरोळसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात त्याच्यापासून पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी भारी काळी जमीन बनते. पश्चिमेकडे राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या अतिपावसाच्या पट्ट्यात त्याच खडकातील चुना व इतर क्षार धुपून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा तयार होतो. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडचे बॉक्साइट हे याच प्रक्रियेचे टोक होय. खडक एक, परंतु पर्जन्यभेदाने भूमी दोन. देशविचाराला याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

चंदगडहून तिलारी घाट किंवा आजऱ्याहून आंबोली घाट उतरून आपण खाली गेलो की भूगर्भाचे स्वरूपच पालटते. सावंतवाडी आणि दोडामार्ग परिसरात, तसेच पुढे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, लाव्ह्याच्या आच्छादनाखालचे पुरातन खडक उघडे पडलेले आहेत. हे पट्टिताश्म, सुभाजा आणि क्वार्टझाइट उष्णता व दाब यांच्या योगाने मूळ रूप पालटलेले, म्हणजेच रूपांतरित खडक होत. त्यांतील कित्येक दोनशे पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत. याच खडकांच्या झिजेतून आणि डोंगरउतारावरून घरंगळत आलेल्या गाळातून पायथ्याची जमीन बनते.

हिचा निचरा उत्तम का असतो, हे खडकाच्या रचनेतच दडलेले आहे. पट्टिताश्मात फेल्स्पार, अभ्रक आणि गार यांचे पट्टे असतात. पावसाच्या पाण्याने फेल्स्पारची केओलिन जातीची माती होते. ही माती काळ्या जमिनीतील मातीप्रमाणे पाण्याने फुगत नाही आणि वाळल्यावर आक्रसत नाही. गार बहुतांशी झिजतच नाही. तिचे कण वाळूच्या रूपाने मागे राहतात आणि मातीत वाटा मोकळ्या ठेवतात. अभ्रकाचे पापुद्रे हळूहळू सुटतात, त्यातील लोह गंजून मातीला तांबूस रंग येतो. सुभाजेत थर उभे किंवा तिरपे असतील तर पाणी त्या थरांच्या फटींतून खाली उतरते. जमिनीखालचा कुजका खडक, ज्याला आपण मुरूम म्हणतो, तोही पाणी अडवीत नाही. परिणामी आषाढातील मुसळधार पावसानंतरही पाणी मुळांभोवती साचून राहत नाही आणि मुळांना वायू मिळत राहतो.

डोंगराच्या अंगावर मात्र सर्वत्र ही स्थिती नसते. माथ्याजवळ जमीन उथळ आणि दगडगोट्यांची असते. क्वार्टझाइटच्या धारेखाली तर माती नावालाच आढळते. ऐन पायथ्याशी बारीक माती साचून जमीन खोल व मऊ होते. त्याहूनही खाली, ओढ्याकाठी, माती चिकट होऊन पाणी धरू लागते. सुश्रुतांनी दगड, खडे, खळगे व वारुळे यांनी युक्त भूमी वर्ज्य सांगितली. स्निग्ध, मृदु, स्थिर, सम, फार दूर पाणी नसलेली, आणि काळी, पिवळसर वा तांबडी भूमी ग्राह्य मानली. या कसोटीवर डोंगरमाथा नापास होतो, पायथ्याची जमीन उत्तीर्ण होते. ‘डोंगरातला माल’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. सुश्रुतांनी काळ्या भूमीला कोठेही त्याज्य म्हटलेले नाही, हेही तितकेच खरे. त्यांचा आक्षेप रंगाला नसून दोषाला आहे.

याच अध्यायात भूमीचे पंचमहाभूतांनुसार भेद सांगून विरेचनद्रव्ये पृथ्वी आणि जल यांचे गुण अधिक असलेल्या भूमीतून, तर वमनद्रव्ये अग्नी, आकाश आणि वायू यांचे गुण अधिक असलेल्या भूमीतून घ्यावीत, असा निर्देश आहे. तात्पर्य असे की, एकच भूमी सर्व द्रव्यांना श्रेष्ठ नाही. पायथ्याच्या निचऱ्याच्या जमिनीचे गुणगान करताना हे भान सुटता कामा नये. शतावरी, सफेद मुसळी, सर्पगंधा, अश्वगंधा, सारिवा, चित्रक ही मूलप्रधान द्रव्ये पाणी साचणाऱ्या जमिनीत कुजतात. त्यांना निचरा हवाच. याउलट वचा चिखलातच सुखाने वाढते. ब्राह्मी, मंडूकपर्णी आणि मुस्ता यांना ओल हवी. त्यांच्यासाठी तीच पायथ्याची जमीन निरुपयोगी ठरते.

या विवेकाच्या अभावाची किंमत शेतकऱ्यांनी मोजलेली आहे. नोव्हेंबर 2000 मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना केली. त्याच सुमारास महाराष्ट्रात सफेद मुसळीच्या लागवडीचे वारे जोरात वाहू लागले. महागडे बेणे विकले गेले, उत्पन्नाची स्वप्ने दाखवली गेली. जमिनीचा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. भारी जमिनीत लावलेले कंद पावसाळ्यात कुजले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बाजारभाव कोसळल्याने झालेले नुकसान निराळेच. सल्ला देण्याचा अधिकार असलेले आपण त्या वेळी गप्प राहिलो, हे मान्य करावयास हवे.

भूमीचा संबंध संग्रहकालाशीही आहे. चरकांनी मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात आणि कंद शरदात काढण्यास सांगितले. भारी काळी जमीन ग्रीष्मात दगडासारखी कठीण होते. तिच्या भेगांत मुळे ताणून तुटतात आणि खणताना निम्मी जमिनीतच राहतात. शरदात ती इतकी चिकट असते की कंदासोबत मातीचा गोळाच वर येतो. निचऱ्याच्या तांबूस जमिनीत दोन्ही ऋतूंत खणणे सुकर होते आणि मूळ अखंड निघते. शास्त्रोक्त काळ पाळावयाचा तर भूमीही तशी हवी.

औषधनिर्मात्यांना हा विषय आणखी दोन कारणांनी जवळचा वाटावा. पहिले कारण राखेच्या परीक्षेचे. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात आम्लात न विरघळणाऱ्या राखेची मर्यादा द्रव्यपरत्वे दिलेली आहे. द्रव्याला चिकटलेली माती व वाळू या परीक्षेत उघडी पडते. रेताड माती झटकली की बरीचशी गळते. चिकणमाती सालीत रुतून बसते. परीक्षेत नापास झालेल्या मालाचे मूळ अनेकदा शेतात असते, आपण मात्र ते गोदामात शोधतो.

दुसरे कारण जड धातूंचे. 1 जानेवारी 2006 पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी अनिवार्य झाली. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भाग प्रतिदशलक्ष या मर्यादा आल्या. येथे पायथ्याच्या जमिनीचा एक दोष स्पष्टपणे सांगितला पाहिजे. अतिपावसाने चुना धुपून गेल्यामुळे ही जमीन आम्लधर्मी असते आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियमसारखे धातू वनस्पतीला अधिक सहज मिळतात. शिवाय सिंधुदुर्गातील कणकवली परिसरात क्रोमाइटयुक्त खडकही आहेत. अशा खडकांवरील मातीत क्रोमियम व निकेल यांचे प्रमाण स्वभावतःच अधिक असते. म्हणून ‘जंगलातले म्हणजे शुद्धच’ हा समज भाबडेपणाचा आहे. शुद्धतेचा पुरावा परीक्षा देते, पत्ता देत नाही.

या जमिनीची दुसरी दुर्बलता तिच्या अन्नसाठ्यात आहे. केओलिन जातीची माती पोषक क्षार धरून ठेवण्यात फार उणी पडते. लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून टाकतात. या जमिनीची सारी पुंजी वरच्या वीतभर कुजलेल्या पालापाचोळ्यात असते. मुळांसाठी उतारावर बेसुमार खोदाई झाली की पहिल्या पावसात ती पुंजी ओढ्यात वाहून जाते आणि ती पुन्हा साठण्यास पिढ्या जातात. मूळ उपटणारा मजूर रोजंदारीवर असतो. मागणी आपली असते. तेव्हा जबाबदारीही आपली आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, आम्ही माल घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. त्यालाच ठाऊक नसेल तर आम्हांला जमीन कशी कळणार? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. कोणी विचारत नाही म्हणून त्याला ठाऊक नाही. दहा औषधशाळांनी एकाच हंगामात हा प्रश्न विचारला तर पुढच्या हंगामात उत्तर तयार असेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी व संग्रहाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही स्थळाची आणि मातीची नोंद अपेक्षित आहे. जे आपल्या संहितांनी सांगितले तेच बाहेरून सांगितले गेल्यावर तरी आपण ऐकावे. दुसरा आक्षेप असा की, द्रव्याची ओळख आणि संग्रहकाल हे भूमीहून महत्त्वाचे आहेत. हे मला मान्य आहे. चुकीची वनस्पती उत्तम भूमीत वाढली तरी चुकीचीच. परंतु ओळख पटल्यानंतरचा प्रश्न भूमीचाच आहे.

शेतावर जाणाऱ्यांसाठी साधी परीक्षा पुरेशी आहे. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेस पाणी तासाला इंचभरही उतरले नाही तर ती जमीन मूलद्रव्यांसाठी नाकारावी. खड्ड्याच्या भिंतीवर तांबडा वा पिवळा रंग सलग दिसला तर निचरा चांगला. राखाडी ठिपके दिसले तर पाणी साचते. ओली माती बोटांत चोळावी. गारेची कचकच आणि अभ्रकाची चमक जाणवली तर ती पट्टिताश्माची वा सुभाजेची. लोहाचे गोल खडे लागले तर बहुधा जांभ्याची. केवळ तांबड्या रंगावरून निर्णय करू नये. मातीचा सामू व सेंद्रिय कर्ब मृदा परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक औषधशाळेच्या खरेदी नोंदवहीत द्रव्यनाम, अंग, संग्रहकाल यांच्या शेजारी ‘भूमी’ हा रकाना असावा. त्यात गाव, उताराचे स्थान, मातीचा प्रकार आणि निचरा एवढे चार शब्द लिहावेत. उत्तर मिळाले नाही तर ‘अज्ञात’ असे प्रामाणिकपणे नोंदवावे. वर्षाअखेरीस आपापल्या वह्यांतील ‘अज्ञात’ची संख्या आपण मोजावी आणि संघटनेच्या सभेत ती परस्परांना सांगावी. मी माझी वही उघडली तेव्हा ती संख्या पाहून मला लाज वाटली. त्या लाजेतूनच हा लेख लिहिला आहे.