वेरूळ-कचनेरच्या यात्रेत मुक्काम कोठे करावा?

लक्ष्मीपूजन व पाडवा झाला की मोंढ्यातील सौदे काही दिवस थांबतात, मुलांना सुट्टी असते, आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथील आपल्या घरांतून एक बेत हमखास निघतो. या वर्षी सर्वांनी मिळून छत्रपती संभाजीनगरला जावयाचे. वाटेत जिंतूरजवळ नेमगिरीचे दर्शन, पुढे वेरूळची लेणी, कचनेरचे चिंतामणी पार्श्वनाथ, मुलांसाठी दौलताबादचा किल्ला आणि अजिंठा. गाडी ठरते, दिवस ठरतात. राहावयाचे कोठे हा प्रश्न मात्र घरातील एखाद्या तरुणाच्या मोबाइलवर सोपविला जातो. तो खोल्यांची छायाचित्रे पाहतो, भाडे पाहतो, इतरांनी दिलेले अभिप्राय वाचतो आणि खोल्या राखून ठेवतो. त्याचे काही चुकत नाही. परंतु आपल्या घरच्या प्रवासाला ज्या एका गोष्टीने वेसण घातलेली असते, तो सूर्यास्त त्या अभिप्रायांत कोठेच नसतो.

म्हणून मुक्कामाचा विचार घड्याळापासून सुरू करावा. दिवाळीच्या सुमारास संभाजीनगरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरच्या अखेरीस पावणेसहालाच. ज्यांचा नियम सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, भोजन आटोपण्याचा आहे, त्यांचे ताट पाचच्या आधी पुढे आले पाहिजे. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. दौलताबादचा घाट, सुट्टीची गर्दी आणि शहरात शिरतानाची वाहतूक धरली तर परतीला एक तास सहज लागतो. याचा अर्थ, शहरात येऊन जेवावयाचे असेल तर वेरूळ पावणेचारच्या आतच सोडावे लागते. आणि येथेच खरी अडचण आहे. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. दुपार कलली की उन्हाची तिरीप आत शिरते आणि सकाळी काळोखात असलेली शिल्पे उजळू लागतात. ज्या घटकेला पाहावयाचे, त्याच घटकेला निघावयाचे, असा हा पेच आहे.

त्यातच जैन लेणी सर्वांत उत्तरेला, कैलास लेण्यापासून एक किलोमीटरहून अधिक दूर. क्रमांक ३० ते ३४. बहुतेक मंडळी १६ व्या क्रमांकाच्या कैलासापाशी दोन तास घालवितात, उन्हाने थकतात, आणि आपल्याच तीर्थंकरांच्या लेण्यांपर्यंत पोहोचतात तेव्हा आजी गाडीत बसून राहिलेल्या असतात. ३२ व्या क्रमांकाच्या इंद्रसभेच्या प्रांगणातील एकाच खडकातून कोरलेले मंदिर, मानस्तंभ, पायांवर वेली चढलेले बाहुबली, नागफणांखाली उभे पार्श्वनाथ, वरच्या मजल्यावरील छताच्या रंगचित्रांचे अवशेष, हे सारे घाईने पाहावयाचे नव्हे. शिवाय वरच्या डोंगरावर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्यावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा आहे. तेथे चढून जावयाचे तर आणखी वेळ हवा.

आमच्या मते, ज्या कुटुंबात रात्रिभोजनत्याग किंवा चौविहार पाळणारी एक जरी व्यक्ती आहे, त्याने वेरूळच्या दिवशी शहरात मुक्काम धरू नये. वेरूळलाच एक रात्र राहावे. गावात श्री पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम हे आपल्या समाजाचे गुरुकुल आहे. मुक्कामाची व भोजनाची चौकशी तेथे आधी करावी, मात्र ते विद्यार्थ्यांचे घर आहे हे ध्यानात ठेवून. तेथे सोय न झाल्यास लेण्यांच्या परिसरात खासगी निवासही मिळतात. फक्त वार पाहून जावे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. दुसरे असे की घृष्णेश्वर अगदी लगत आहे. औंढ्याची श्रावण सोमवारची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना, ज्योतिर्लिंगाच्या गावात श्रावणात किंवा महाशिवरात्रीला खोली मागणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

शहरातील उरलेल्या रात्रींसाठी दोन-तीन भाग आहेत आणि त्यांचे गुणदोष वेगवेगळे आहेत. जालना रस्त्यावर, सिडको ते चिकलठाण्यापर्यंत, मोठी व नवी हॉटेले आहेत. आपल्या बाजूने येणाऱ्याला ती प्रथम लागतात, गाडी लावण्यास जागा असते, अजिंठ्याकडे निघणेही सोयीचे पडते. परंतु वेरूळला जाण्यासाठी येथून सारे शहर ओलांडावे लागते. रेल्वे स्थानकाच्या बाजूला साधी लॉज व मध्यम दर्जाची हॉटेले आहेत. तेथून वेरूळचा रस्ता सोयीचा. जुन्या शहरात गुलमंडी, सराफा, राजाबाजार या भागांत गल्ल्या अरुंद आहेत, सात आसनी गाडी उभी करताना चालकाला घाम फुटतो. तथापि राजाबाजारातील जैन मंदिर पायी अंतरावर मिळते. सकाळी स्नान करून देवदर्शनाशिवाय पाणीही न घेणाऱ्या आजोबांसाठी ही एक गोष्ट उरलेल्या सर्व गैरसोयींची भरपाई करते. तरुणांना हे पटविणे सोपे नसते. पण आलिशान खोलीत मंदिराच्या वेळेपर्यंत उपाशी बसलेल्या आजोबांना रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचे काम शेवटी त्याच तरुणांकडे येते.

आता हॉटेलच्या स्वयंपाकघराविषयी. ‘जैन जेवण मिळेल का?’ हा प्रश्न फोनवर विचारून काहीच कळत नाही, कारण उत्तर ‘मिळेल’ हेच असते. पुष्कळ ठिकाणी जैन म्हणजे कांदा-लसूण वगळलेले, एवढाच अर्थ घेतला जातो; मिसळभाजीत बटाटा राहतो, डाळीत आले राहते. त्यापेक्षा, संध्याकाळचे जेवण किती वाजता सुरू होते, हे विचारावे. पुष्कळ हॉटेलांत ते सात-साडेसातला सुरू होते, आणि दुपारचे तीनला संपते. मधल्या काळात भटारखाना चालू राहतो का, साडेचारला चार माणसांसाठी साधी पोळी, मुगाची डाळ, दुधी किंवा पडवळ करून मिळेल का, असा नेमका प्रश्न केला की समोरच्या माणसालाही नेमके उत्तर द्यावे लागते. दुसरा प्रश्न भांड्यांचा. भोजनगृहावर शुद्ध शाकाहारी अशी पाटी असते, पण त्याच इमारतीतील समारंभाच्या जेवणावळींसाठी सामिष स्वयंपाक त्याच भटारखान्यात होतो का? तवा, तेल व कढया वेगळ्या आहेत का? अष्टमी-चतुर्दशी मुक्कामात येत असेल तर हिरवी भाजी चालणार नाही, हेही तेव्हाच सांगावे. जे ठरले ते लिहून मागवावे, मोबाइलवरील संदेश पुरे. मोंढ्यात तोंडी सौदा चालतो, तो माणूस ओळखीचा असतो म्हणून. हॉटेलात सकाळी फोन घेणारा संध्याकाळी कामावर असेलच असे नाही.

खोलीत विजेची किटली ठेवलेली असते. आपल्याआधी उतरलेल्यांनी तीत काय उकडले असेल याची खात्री नसते, म्हणून पाणी उकळण्यासाठी घरची किटली व गाळण्याचे फडके सोबत असावे. इंडक्शन शेगडी मात्र नेऊ नये. हॉटेलने मनाई केलेली असताना दार लावून खिचडी शिजविणारी मंडळी आपल्यात आहेत, आणि धर्म पाळण्यासाठीच हे करतो असे ती सांगतात. आगीचा धोका क्षणभर बाजूला ठेवू. पण जे मालकाने दिलेले नाही ते लपून घेणे याला आपल्या शास्त्रात अदत्तादान म्हणतात. एका व्रतासाठी दुसरे मोडण्यात काय साधते? किटलीचीही परवानगी विचारावी. बहुधा मिळते.

अजिंठ्याचा दिवस शिदोरीचाच समजावा. अंतर सुमारे १०० किलोमीटर, आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्याजवळ ठेवून पुढे बसने जावे लागते. तेथून सूर्यास्तापूर्वी शहरातील हॉटेलच्या टेबलाशी पोहोचण्याचा हिशेब हिवाळ्यात जुळवू नये. दशम्या, खाकरा, कोरडी चटणी.

व्यापारी वाचकांसाठी कराचे दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. त्याहून महागड्या खोलीवर १८ टक्के. ७,४०० आणि ७,६०० यांतील खरा फरक दोनशे रुपयांचा नसून बाराशेच्या जवळ जातो, हे खोल्या निवडताना पाहावे. कौटुंबिक सहलीचे बिल पेढीच्या नावाने घेऊन कराची वजावट मागण्याचा मोह होतो; वैयक्तिक उपभोगावर ती मिळत नाही.

नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या मंदिर परिसरातील, दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी आकाराच्या खोल्यांना हा कर नाही. म्हणूनही असेल, धर्मशाळेला स्वस्त हॉटेल समजण्याची सवय वाढली आहे. कचनेर शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर. तेथे निवास आहे, भोजनालय आहे, वेळेवर व शोधित जेवण मिळते. आपल्या कुटुंबाला याहून सोयीचे ठिकाण नाही. परंतु चार दिवस तेथील खोल्या अडवून रोज सकाळी अजिंठा, मकबरा, पैठणी खरेदीसाठी बाहेर पडणे आणि रात्री दहाला परत येऊन दार उघडण्यासाठी सेवकाला उठविणे, हे यात्रेकरूचे लक्षण नव्हे. एक रात्र राहावे, अभिषेक-पूजा करावी, निघताना खोलीच्या आकाराइतकी तरी भेट वेगळी द्यावी. ज्या घराला हॉटेलचे भाडे जड नाही, त्याने सहलीच्या रात्री हॉटेलातच काढाव्यात.

कार्तिक पौर्णिमेला कचनेरची वार्षिक यात्रा भरते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती लगेचच येते, आणि दूरदूरहून श्रावक पायी चालत येतात. त्या आठवड्यात जावयाचे असेल तर कचनेरला खोली मागूच नये. शहरात उतरावे, पहाटे गाडीने जाऊन दर्शन घ्यावे आणि दुपारच्या भोजनानंतर परतावे. पायी आलेल्यांना तेथे पाठ टेकण्यास जागा हवी असते.