खवय्याला भेट काय द्यावी?

दिवाळी तोंडावर आली की आपल्या शहरांतून एक विशिष्ट प्रकारची वाहतूक सुरू होते. चकचकीत कागदात गुंडाळलेले मिठाईचे व सुक्या मेव्याचे पुडे या घरातून त्या घरी आणि तेथून तिसऱ्याच घरी जाऊ लागतात. पुष्कळदा पुड्याची गाठही न सुटता तो चार हात फिरतो, आणि ज्याच्या घरी तो अखेर उघडला जातो त्याच्या वाट्याला खवट काजू येतात. कचेऱ्या आणि व्यापारी यांच्यातील देवघेवीचा हेतू निराळा असल्याने तिचा विचार येथे करावयाचा नाही. परंतु स्नेहापोटी दिलेल्या भेटीचीही हीच गत व्हावी, हे मात्र विचार करण्याजोगे आहे.

या विषयाला अर्थशास्त्राने हात घातलेला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध प्रसिद्ध केला. मिळालेल्या भेटवस्तूसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते, असा साधा प्रश्न त्याने येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विचारला. त्यांच्या उत्तरांवरून त्याने असा हिशेब मांडला की, भेटींच्या किमतीपैकी एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग निव्वळ वाया जातो. यावरून कोणी म्हणेल की, सरळ पाकिटात नोटा घालून द्याव्यात. घेणारा आपल्या आवडीचे विकत घेईल.

तथापि याच पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दूरच्या नातलगांच्या भेटींत नुकसान अधिक होते, आणि जवळच्या मित्रांच्या भेटींत ते बरेच कमी होते. म्हणजे दोष भेट देण्याच्या प्रथेचा नसून देणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे. ज्याला आपण द्यावयाचे त्याची जीभ आपण ओळखतो काय, हा खरा प्रश्न होय. आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिले आहे. तरीही पेढ्यांचा पुडा देताना घरात कोणाला काय चालते, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

खवय्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याला काय आवडते हे तो जाणतो, पण ते अस्सल मिळेलच याची त्याला खात्री नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, जेथे मालाचा कस विकणाऱ्यालाच ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेथे हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. आपला आंबेमोहर तांदूळ हे त्याचे घरगुती उदाहरण. त्याचे उत्पन्न कमी आणि कणीचे प्रमाण अधिक. त्यामुळे त्याच्या नावाखाली दुसराच आखूड दाण्याचा तांदूळ खपवला जातो. गुळाचेही तेच. रंग फिकट यावा म्हणून त्यात रसायने घालतात आणि गिऱ्हाईक त्या पिवळेपणालाच शुद्धता समजते.

म्हणून खवय्याला खरी भेट कोणती, तर जी त्याला नुसत्या पैशाने सहज मिळत नाही ती. मुळशीचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, कोल्हापूरचा गूळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना १९९९ च्या कायद्याखाली भौगोलिक मानांकन लाभले आहे. पण मानांकनाच्या कागदाने दुकानातील पोते अस्सल ठरत नाही. ज्याचे त्या गावात नाते आहे, ओळख आहे, तोच तेथून खात्रीचा माल आणू शकतो. या बाबतीत शिक्षक किंवा कारकून हा श्रीमंताहून दरिद्री नाही. किंबहुना बदलीच्या निमित्ताने चार तालुके पाहिलेल्या नोकरदाराजवळ हे भांडवल अधिकच असते. दोन किलो चांगला तांदूळ सुक्या मेव्याच्या शोभिवंत पुड्याहून महाग पडत नाही, आणि त्यातील पैसा पुठ्ठ्यावर व जरीच्या फितीवर खर्च न होता पिकवणाऱ्याच्या हाती पडतो. चार घरांच्या खरेदीने एखादे वाण वाचेल असे नव्हे. परंतु ज्या वाणाला योग्य भाव देणारे गिऱ्हाईकच उरले नाही, ते शेतकऱ्याने केवळ परंपरेपोटी पेरत राहावे, ही अपेक्षाही न्याय्य नव्हे.

घरी केलेल्या फराळाहून मोठी भेट नाही, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु तो फराळ कोणाच्या कष्टातून होतो याचा हिशेब कोणी मांडत नाही. अनारशासाठी तीन दिवस तांदूळ भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते वाळवून कुटावयाचे. या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कोठेच होत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. दहा घरी डबे पाठवून यजमानाने औदार्याचे श्रेय घ्यावे आणि गृहिणीने मध्यरात्रीपर्यंत कढईसमोर बसावे, ही वाटणी न्यायाची नाही. त्यापेक्षा काही फराळ महिला मंडळांकडून रास्त दराने घ्यावा. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतचा पसारा उभा राहिला. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. स्वयंपाकाच्या श्रमाला दाम मिळतो तेव्हा त्याला मानही मिळू लागतो, हे या दोन्ही उदाहरणांनी सिद्ध केले आहे.

शेवटी, ज्या खवय्याची दखल आपण सहसा घेत नाही, तिच्याविषयी. घरातील सर्वांच्या आवडी जाणणाऱ्या गृहिणीला पाडव्याला मिक्सर किंवा नवी कढई देण्याची रीत पडली आहे. ती वस्तू घराच्या सोयीची खरी, पण ती भेट नव्हे; कामाचे हत्यार आहे. तिला काय खावेसे वाटते, हे एकदा विचारावे. तो पदार्थ घरातील इतरांनी रांधावा, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवून गरम गरम वाढावा. याला फारसा खर्च येत नाही, आणि वॉल्डफोगेलच्या हिशेबातले नुकसानही या भेटीत होण्याचा संभव नाही.