वही करमुक्त, लॅपटॉप करपात्र

शिक्षणशुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण मोफत झाले, असा एक सोयीस्कर समज राज्यकर्त्यांत आणि दुर्दैवाने समाजातही रूढ होत आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. निर्णय स्वागतार्हच होता. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आईची मुलगी त्यामुळे अभियांत्रिकीच्या वर्गात बसू शकते. परंतु तिसऱ्या वर्षी तिचा जुना लॅपटॉप बंद पडला, तर पुढे काय? प्रकल्प, प्रात्यक्षिकांचे अहवाल, नोकरीची पूर्वपरीक्षा, सारे काही त्या यंत्रावर अवलंबून; आणि ते यंत्र मात्र तिच्या घरचा खाजगी प्रश्न! हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या घरात चाळीस-पन्नास हजारांची रक्कम एकदम उभी राहत नाही, ती सावकाराकडून किंवा बचतगटाकडून येते.

शासनाचे करधोरण या यंत्राकडे कसे पाहते, तेही तपासून पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली व खोडरबर वस्तू व सेवा करातून मुक्त झाले. लॅपटॉपवरील १८ टक्के कर मात्र तसाच राहिला. म्हणजे पन्नास हजारांच्या यंत्रात सुमारे ७,६२७ रुपये कराचे असतात. तेवढ्याच रकमेचे सोने घेतले, तर तीन टक्क्यांप्रमाणे कर होतो अवघा १,४५६ रुपये. याहून मोठी विषमता पुढेच आहे. नोंदणीकृत कंपनीने आपल्या व्यवसायासाठी हाच लॅपटॉप घेतला, तर भरलेला कर तिला आपल्या देय करातून वळता करून घेता येतो, आणि उरलेल्या किमतीवर घसाराही मिळतो. विद्यार्थिनीला यांपैकी काहीच मिळत नाही. उत्पादनाचे साधन म्हणून भांडवलदाराला सवलत आणि तेच शिक्षणाचे साधन झाले, की ग्राहक म्हणून पूर्ण कर, हा न्याय कोणत्या समाजवादी राज्यघटनेत बसतो?

दुकानदार यावर ‘बिनव्याजी हप्त्यां’चा तोडगा सुचवितो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज प्रक्रियाशुल्काच्या रूपाने वसूल होते किंवा रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्तेवाल्यास नाकारून. उलट, बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाची खरेदी समाविष्ट आहे; पण ही माहिती विद्यार्थ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. ती पोहोचविणे हेदेखील कार्यकर्त्याचे काम आहे.

यंत्र खरोखरच निकामी झाले आहे काय, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. सोलापुरात यंत्रमागाचा एखादा भाग तुटला म्हणून कोणी माग भंगारात काढीत नाही. भाग बदलतो आणि माग पुन्हा चालू लागतो. मंदावलेल्या लॅपटॉपचेही बहुधा असेच असते. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसविली, बॅटरी बदलली, आतली धूळ काढली, तर चार-पाच वर्षांचे यंत्र पदवी पुरी होईपर्यंत सहज साथ देते. मात्र अनेक नव्या, पातळ यंत्रांत मेमरी मुख्य पटलावरच डाखलेली असते, ती बदलताच येत नाही. ग्राहकाने दुरुस्ती न करता नवे घ्यावे, हाच नफ्याचा मार्ग ठरला आहे.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. व्यक्तिगत वापरकर्त्यांना एका वर्षाची वाढीव मुदत दिली खरी. पण पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या प्रोसेसरची असंख्य यंत्रे अधिकृतपणे स्वीकारतच नाही. यंत्र धडधाकट असते, ‘जुने’ ठरते ते कंपनीच्या निर्णयाने. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अजस्र केंद्रांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की तिच्या किमती भडकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा मेमरीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. धनाढ्य गिऱ्हाईक आले, की गरीब गिऱ्हाइकाला रांगेतून बाहेर काढावयाचे, हा बाजाराचा जुनाच शिरस्ता आहे.

यावर राज्यसरकारांनी योजिलेला उपाय म्हणजे वाटप. तामिळनाडूने २०११ पासून, उत्तर प्रदेशाने २०१३ पासून लॅपटॉप वाटले. त्यांवर नेत्यांच्या प्रतिमाही झळकल्या. लाखो घरांत प्रथमच संगणक आला, हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु एकदा वाटलेले यंत्र चार वर्षांनी बिघडतेच, आणि तोवर निवडणूक होऊन गेलेली असते. विद्यार्थ्याला यंत्राच्या मालकीपेक्षा त्याच्या अखंड उपलब्धतेची गरज अधिक आहे.

ज्या आणीबाणीविरुद्ध समाजवादी कार्यकर्त्यांनी तुरुंगवास पत्करला, त्या काळच्या वीस कलमी कार्यक्रमातही विद्यार्थ्यांना नियंत्रित दराने वह्या-पुस्तके पुरविण्याचे कलम होते. महाविद्यालयांतील पुस्तकपेढ्यांवर कित्येक पिढ्या पदवीधर झाल्या. पुस्तक वर्षभर वापरावे, परत करावे, पुढच्याने न्यावे. तशीच ‘यंत्रपेढी’ आज प्रत्येक महाविद्यालयात हवी. बँका, विमा कंपन्या व शासकीय कार्यालये आपले संगणक काही वर्षांनी मोडीत काढतात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही मान्यता दिली आहे. ही यंत्रे पेढीकडे यावीत, आयटीआय व तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी ‘कमवा व शिका’ योजनेखाली ती दुरुस्त करावीत, आणि त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालावी. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणालीवर शिक्षण यशस्वीपणे चालवून दाखविले आहे. अभियांत्रिकीची काही सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालतात, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी महाविद्यालयाची संगणक-प्रयोगशाळा रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी. मुलींच्या सुरक्षित परतीची सोयही तेथेच करावी.

शासनाकडे मागण्या तीनच आहेत. विद्यार्थ्याने घेतलेल्या एका लॅपटॉपवरील कर परत करावा. शिष्यवृत्तीत दुरुस्तीसाठी स्वतंत्र तरतूद असावी. आणि कोणते यंत्र कितपत दुरुस्त होऊ शकते, याचा निर्देशांक वेष्टनावर छापणे सक्तीचे करावे. फ्रान्सने हे १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह अनेक वस्तूंना लागू केले. आपल्या केंद्रशासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले; कायदा मात्र केला नाही.

परंतु शासन हलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सोलापुरातील युवक कार्यकर्त्यांनी एका महाविद्यालयापासून आरंभ करावा. दहा जुनी यंत्रे, एक टेबल, दुरुस्ती जाणणारे दोन विद्यार्थी आणि एक नोंदवही एवढ्यावर यंत्रपेढी उभी राहू शकते. ती वर्षभर चालवून दाखवावी, आणि मग तिचा हिशेब घेऊनच विद्यापीठाच्या व मंत्रालयाच्या दारात जावे.